पांढऱ्या व्हॅनमधली जागा

नम्रता डबा विसरली म्हणून मी कोपऱ्यावर गेलो. एवढंच काम होतं.

डिसेंबरचे दिवस होते. कर्वेनगरात तेव्हा सकाळी नदीकडून धुकं यायचं आणि इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत येऊन थांबायचं. त्या टपरीपाशी नम्रता उभी राहायची. तिथून तिला कामावर न्यायला गाडी येते, हे मला ठाऊक होतं. गाडी मी पाहिली नव्हती. पाहायची हौसही नव्हती.

मी कोंडीराम. शाळा चौथीपर्यंत. भोसरीला पंपाच्या कारखान्यात फिटर होतो. कसबा पेठेतून भोसरीपर्यंत सायकलने जायचो, ऊन असो, पाऊस असो. कधी कुणाच्या मागे कॅरिअरवर बसलो नाही. एकदा भर पावसात साहेबाने मोटार थांबवली आणि म्हणाला, "बस." मी म्हणालो, "मग सायकल कोण चालवणार? आपण?" पुन्हा त्याने कधी थांबवली नाही. पुढे बाहेरचा माल यायला लागला, आमच्या पंपांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि कारखाना बंद झाला. हातात आलं त्यातून कर्वेनगरात दोन खोल्या घेतल्या. मुलगी नम्रता शिकली. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली.

ती या गाडीने जायला लागली तेव्हा मी विचारलं होतं, "कंपनीची बस आहे ना?"

"ती डेक्कनला येते, आबा. डेक्कनला जायला आधी दुसरी बस. ती भरून येते, थांबतच नाही."

"स्कूटर घेऊन दिली आहे."

"हायवेला ट्रक अंगावर येतात. आणि ऑफिसात पोचेपर्यंत मी वीटभट्टीतून आल्यासारखी दिसते."

"म्हणून परक्यांच्या मांडीला मांडी लावून जायचं."

"परके कसले? पूर्णिमा रोज जायची त्यांच्याबरोबर. घराच्या कोपऱ्यावरून थेट ऑफिसच्या दारात. पेट्रोल सगळ्यांत वाटून. बायका आहेत बरोबर, उशीर झाला तरी काळजी नाही. तुम्हाला अजून काय पाहिजे?"

पूर्णिमा आमच्या वरच्या मजल्यावरची. तिला मगरपट्ट्याला दुसरी नोकरी मिळाली होती. त्या गाडीचा एक नियम होता. जागा सोडायची तर आपल्या जागी माणूस द्यायचं. बदली. रिकाम्या जागेचा भार बाकीच्यांवर पडू नये म्हणून. जिन्यात उभं राहून पूर्णिमाने नम्रताला विचारलं, "माझी जागा घेतेस?" नम्रता म्हणाली, "घेते." मी तिथेच दाराची कडी बसवत होतो. ऐकून मला बरं वाटलं. नियमाने वागणारी माणसं मला आवडतात.

तर त्या दिवशी मी डबा घेऊन पोचलो तेव्हा गाडी येऊन थांबलेली होती. पांढरी मारुती व्हॅन. जुनी, पण पुसलेली. नम्रता आत बसली होती. बाजूचं सरकतं दार उघडं होतं. आतून पेट्रोलचा वास येत होता, आणि त्याच्या मागे आणखी एक, पावसात भिजून कोंदट राहिलेल्या लोकरीचा.

मी डबा पुढे केला. एका बाईने हात लांबवून घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. नळाच्या पाण्यासारखी गार होती.

पुढच्या जागेवरून एक पोरगा वळला. गळ्यात कंपनीचा पट्टा. "काय काका, येताय का? ए.सी. नाही, पण कंपनी चांगली आहे!"

सगळे हसले. नम्रताही हसली. मग दार खर्रर्र करत सरकलं आणि खाडकन बंद झालं. कुणी ओढलं ते मला दिसलं नाही.

महिन्याभरात नम्रता गप्प झाली. जेवायची, झोपायची, उठायची. एका रविवारी सकाळी मी पेपर आणायला खाली उतरलो, तर ती पर्स घेऊन कोपऱ्यावर उभी.

"आज रविवार आहे," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली, आणि रस्त्याकडेच बघत राहिली.

मी तिला दंडाला धरून घरी आणली. हिरा, माझी बायको, रडायला लागली. रडून काय होणार! मी नम्रताला समोर बसवलं.

"काय झालंय?"

"आबा, मला ती गाडी सोडायची आहे."

"मग सोड."

"बदली द्यावी लागते."

"दे. पुण्यात हिंजवडीला जाणारी माणसं काय कमी आहेत?"

ती आपल्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "एकीला विचारणार होते. तिने लगेच हो म्हटलं असतं. तिला लहान मुलगी आहे, आबा... मला नाही विचारता आलं."

मला राग आला. गाडीत बसायला माणूस शोधायचा, त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे? दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला स्टॉपवर नेलं आणि पी.एम.टी.त बसवलं. खिडकीपाशी जागा मिळवून दिली. बस हलेपर्यंत उभा राहिलो.

संध्याकाळी मी कोपऱ्यावर थांबलो. पांढरी व्हॅन आली. दार सरकलं आणि नम्रता उतरली.

"तू बसने गेली होतीस."

"हो." ती जरा आठवत राहिली. "वारज्यापर्यंत बसच होती."

"मग?"

"मग... हीच होती."

त्या रात्री हिराने आणखी एक गोष्ट सांगितली. वरच्या मजल्यावर पूर्णिमाची आई तिच्याकडे तक्रार करत होती, की पूर्णिमा हल्ली तिला आई म्हणत नाही. मावशी म्हणते. आईने दोनदा झापलं, तर म्हणाली, "सॉरी, मावशी." आम्हाला वाटलं, नव्या नोकरीची शहाणी मुलगी, चेष्टा करत असेल. मी ती गोष्ट तिथेच सोडली. सोडायला नको होती.

मी ठरवलं, आपण जाऊन बघायचं. दुसऱ्या सकाळी नम्रताबरोबर कोपऱ्यावर उभा राहिलो. धुकं दाट होतं. व्हॅन दिसायच्या आधी तिचा आवाज आला. दार उघडलं.

"मी पण येतो आज," मी म्हणालो.

"या की," गाडी चालवणारा म्हणाला. त्याने मान वळवली नाही. आरशात त्याचे डोळे तेवढे दिसले. "काका, जरा सरकून घ्या."

मागे समोरासमोर दोन बाकडी होती. मी नम्रताशेजारी बसलो. माझी जागा गरम लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. दार खर्रर्र करत बंद झालं. मी फिटर माणूस, माझं लक्ष आधी दारावर गेलं. आतल्या बाजूला मूठ नव्हती. जिथे मूठ असते तिथला पत्रा सपाट होता. तुटल्याची खूण नाही, भोक नाही. तिथे कधी काही बसवलेलंच नव्हतं.

समोर ती गार बोटांची बाई विणत होती. हिरव्या लोकरीचा लहानसा स्वेटर. तिशीची असेल. हनुवटीवर तीळ.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"मुलासाठी. दोन वर्षांचा आहे."

"राहता कुठे?"

"कसब्यात. तांबट आळीत आमचं दुकान आहे."

"तांबट आळीत कुणाचं? मी तिथलाच."

"मच्छिंद्र माझे मिस्टर."

मच्छिंद्र तांबट आणि मी एका तालमीत जायचो. तो माझ्याहून थोडाच लहान. त्याचं लग्न झालं तेव्हा मी पंगतीत वाढायला होतो. नवरीचं नाव श्यामला. तिच्या हनुवटीवर तीळ होता.

पुढचा पोरगा वळला. त्याला सगळे तेजस म्हणत होते. "काय काका, आलात ना शेवटी? ए.सी. नाही, पण कंपनी चांगली आहे!"

सगळे हसले. मी नम्रताकडे पाहिलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

चांदणी चौक ओलांडला असेल. मग गाडी गर्दीत अडकली. रेडिओवर एक बाई सांगत होती की वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिक जाम आहे, धीर धरा. तेजस म्हणाला, "धीर धरा म्हणे. इथे दाढी वाढली." श्यामला म्हणाली, "अरे, तुला दाढी येते का?" पुन्हा हसणं. थोड्या वेळाने रेडिओवरच्या बाईने तेच सांगितलं. तेजस तेच म्हणाला. श्यामला तेच म्हणाली. हसणं तेवढंच झालं, तिथेच थांबलं.

चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. काचेवर वाफ धरली होती. मी बाहीने काच पुसली.

बाहेर गाड्या नव्हत्या. रस्ता नव्हता. पांढरं धुकं काचेला टेकलेलं होतं. हॉर्न मात्र वाजतच होते, अगदी कानाशी.

"गाडी थांबवा," मी म्हणालो.

"थांबलेलीच आहे, काका," चालवणारा म्हणाला.

"दार उघडा. आम्हाला उतरायचं आहे."

"मध्ये कुठे उतरणार?"

मी दारावर मूठ मारली. खांदा लावला. लोखंडाशी मी जन्मभर झुंजलो आहे, पत्रा हलतो तेव्हा कळतं. हा हलला नाही. आवाजसुद्धा झाला नाही. लोकरीचा वास वाढला.

"माझी मुलगी उद्यापासून येणार नाही," मी म्हणालो.

हॉर्न थांबले. रेडिओ थांबला. श्यामलाच्या सुया थांबल्या. आरशातले डोळे माझ्यावर आले.

"बदली?" त्याने हळूच विचारलं.

थोड्या वेळाने श्यामलाची सुई पुन्हा हलली, रेडिओवरची बाई बोलायला लागली, आणि एकदम ऊन आलं. समोर काचेच्या इमारती होत्या. दार बाहेरून कुणीतरी उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

नम्रता ऑफिसात गेली, मी बसने परत आलो. आलो तो थेट तांबट आळीत गेलो.

मच्छिंद्र दुकानात बसला होता. डोक्यावर केस उरले नव्हते. शेजारी दुसऱ्याच दुकानातून हातोडीचा आवाज येत होता, त्याचं दुकान शांत होतं. मला बघून उठला. "कोंडीराम? वाट चुकलास?"

"श्यामला कुठे आहे?"

त्याचं तोंड उतरलं. "कामावर गेली आहे. संध्याकाळी येते."

"कुठल्या कामावर?"

"कुठल्या..." तो खाली बसला. "चिंचवडला रेडिओच्या कारखान्यात होती. तो बंद पडला त्याला किती वर्षं झाली. व्हॅन मात्र येते. ही रोज डबा भरते आणि जाते. आता ती गाडी कुठे जाते, देव जाणे."

मी तिथेच थांबलो. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दार सरकल्याचा आवाज आला. एक म्हातारी चालत आली. पाठीत वाकलेली, केस पांढरे. हनुवटीवर तीळ. सकाळी माझ्यासमोर तिचे केस काळे होते. आमच्याकडे न बघता ती आत गेली आणि भांडी लावायला लागली. मागोमाग एक मिशीवाला बाप्या माणूस स्कूटर लावून आला. "हा मुलगा," मच्छिंद्र म्हणाला. "बोलत नाही ती आमच्याशी. एकदा कोंडून ठेवलं होतं. दारावर डोकं आपटून घेतलं. रक्त बघवेना, म्हणून सोडलं."

"बदली का नाही दिली तिने?"

"म्हणाली, माझं दुखणं दुसऱ्या बाईच्या गळ्यात कसं घालू? तेव्हा बोलत होती."

"आणि तू? तू का नाही बसलास तिच्या जागी?"

मच्छिंद्र बराच वेळ हातातली वाटी पुसत राहिला. आधीच चकचकीत होती ती. "मुलगा लहान होता, कोंडीराम," तो म्हणाला. "मग... सवय झाली."

मी उठलो. त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर मी नम्रताला म्हणालो, "पूर्णिमाने तुला विचारलं तसं मला विचार."

तिला कळलं. मागे सरकली. "नाही, आबा."

"विचार."

"तुम्ही कुणाच्या सायकलवर बसला नाहीत कधी..."

"म्हणूनच सांगतोय. जन्मात एकदा बसेन. विचार."

धुक्यातून आवाज जवळ येत होता. ती रडत होती. लहानपणी पडली की रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी आवाज चढवला. बापाने चढवावा तसा. इस्त्रीवाला बघत होता. बघू दे.

"माझी जागा..." ती म्हणाली. "माझी जागा घेता, आबा?"

"घेतो."

ती रडायची थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. ओढणीने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं, बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात तसं. "बरं," म्हणाली, आणि घराकडे चालायला लागली. मला वाटलं, सुटल्याचा आनंद असा असेल. मला वाटून घ्यायचंच होतं.

तेव्हापासून मी जातो. आत असताना काही वाटत नाही, तेच बोलणं, तेच हसणं, आणि खरं सांगतो, तेजसच्या विनोदाला मीही हसतो. संध्याकाळी उतरल्यावर थोडा वेळ डोकं स्वच्छ असतं. हे त्या वेळात सांगतो आहे. दिवसेंदिवस तो वेळ कमी होतो आहे.

कोपऱ्यावर सकाळी नवी पोरं येतात. पाठीला सॅक, कानात वायर. "काका, हिंजवडीला जाताय? एक सीट मिळेल का?" मी म्हणतो, "मिळेल. पी.एम.टी.त. पाय दिले आहेत ना देवाने? स्टॉपपर्यंत चाला." इस्त्रीवाला म्हणतो, म्हातारा फार तुसडा आहे. असू दे. बदली मी देणार नाही. मी घेतलेली जागा मी धरून बसलो आहे, आणि माझी मुलगी घरी आहे. एवढ्यावर मी रोज त्या दारातून आत पाऊल टाकत होतो.

एक गोष्ट मला कळत नव्हती. मी बसलो की चालवणारा रोज म्हणतो, "काका, जरा सरकून घ्या." मी सरकतो. कुणी चढत नाही. दार बंद होतं. माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी राहते. परवा मी त्या जागेवर हात ठेवला. गरम होती. शिकेकाईचा वास येत होता. आमच्या घरी हिरा शिकेकाई उकळते आणि नम्रताचे केस अजून तीच धुते.

काल संध्याकाळी मी घरी आलो. हिराने पानं वाढली होती. आमटीला फोडणी चांगली बसली होती. दिवा लागला होता. बरं वाटलं. मी पाटावर बसलो. नम्रता हात धुऊन आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. केस धुतलेले होते. मी वास घेऊन पाहिला. कसलाच येत नव्हता.

ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "जरा सरकून घ्या."

हिराच्या हातातला डाव थांबला.

मी सरकलो.